कोन्या गावचे हो तुम्ही? लाजऱ्या माणसानं अनोळखी गावात ओळख कशी काढावी

पहिलेच सांगून ठेवतो, मी काही बोलका माणूस नाही. लग्नात गेलो की पंख्याखालची खुर्ची पाहून मोबाईल काढून बसणारा गडी आहे मी. अन् नशीब असं की पोटापाण्याला काम भेटलं ठिबक सिंचनाचं, म्हणजे रोज नवीन गाव, नवीन धुरा, नवीन कास्तकार, अन् रोज सकाळी उठून कोणातरी अनोळखी माणसाला सांगा की बाप्पा मी अमुक अमुक. २०१८ पासून यवतमाळ, वाशीम अन् थोडं अमरावती असं मोटरसायकलवर फिरून राहिलो, त्यातली पहिली दोन वर्षं तर घशाला कोरड पडण्यातच गेली. तर जे काय शिकलो ते लिहून राहिलो. ज्याला हे आपोआप जमते त्यानं सोडून द्या, ज्याच्या पोटात गोळा येते त्याच्यासाठी आहे हे.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. नमस्कार, माझं नाव अमुक, मी अमुक कंपनीतर्फे आलेलो आहे, आपली दोन मिनिटं मिळतील का. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात काळी बॅग. दारव्ह्याकडच्या एका गावात पहिल्याच दिवशी हे वाक्य मी तीन घरी म्हणलं, तिन्ही घरी पोरगं बाहेर आलं, आत गेलं, परत आलं अन् म्हणलं "बाबा घरी नाहीत." तिसऱ्या घरी तर पडद्याच्या खालून बाबांचे पाय दिसत होते, अन् ते खोकलेबी. मी तरी "बरं, येतो मग" म्हणून निघालो, काय करणार.

पानठेल्यावर येऊन उभा राहिलो तर ठेलेवाला चुना मळता मळता म्हणते, "वसुलीवाले का?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. मार्च महिना, काळी बॅग, गळ्यात पट्टा, तोंडावर शुद्ध मराठी, दुसरं काय समजतीन लोक! त्यात आदल्याच हंगामात, म्हणजे २०१७ ला, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेलेली, त्याच साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्लेली. बॅगवाल्या माणसावर लोकायचा भरोसा उरलाच नव्हता अन् त्यात त्यायची काही चूक नव्हती.

मी म्हणलं वसुली नाही भाऊ, ठिबकवाला आहे. तर तो म्हणते, "मंग नाव काहून सांगता पहिले? नावाचं काय लोनचं घालाव? गाव सांगा ना." गाव सांगितलं. मग म्हणे मामाचं गाव कोणतं. तेही सांगितलं. मग म्हणे तिथं मारोतीच्या देवळाजवळ पिठाची चक्की आहे ते घर माहीत आहे का. मी म्हणलं त्या चक्कीवर तर मी लहानपणी दळण नेत होतो. "तो माह्या साडू!" झालं. चार मिनिटं लागली असतील. त्यानं ठेला पोराच्या हवाली केला, मला घेऊन त्याच तिसऱ्या घरी गेला, अन् जे बाबा घरी नव्हते ते बनियानवर बाहेर येऊन म्हणतात, "अरे, पाव्हने हो का तुम्ही, या ना मंग!"

तर पहिली अन् सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे राजेहो. आपल्या बोलीत ओळख 'काढतात'. अन् ती 'निघते', जशी विहीर उपसली की पाणी निघते तशी. "काही ओळख निघते का पाहा" असंच म्हणतात ना आपल्याकडं? म्हणजे गृहीतच धरलेलं आहे की खाली कुठंतरी आहेच, दोर पुरला पाहिजे फक्त. आपण लाजरी माणसं काय समजतो, की मला माझ्याबद्दल काहीतरी चांगलं, नेटकं, छाप पाडणारं बोलायचं आहे, म्हणून आवाज जाते. तसं काही बोलायचंच नाही. समोरच्या माणसाला तुमचं कौतुक नाही ऐकायचं, त्याला तुम्हाला कुठंतरी ठेवायचं आहे. कोण्या गावच्या, कोणाच्या घरच्या, कोण्या पिकाच्या खान्यात. तो खाना त्याच्या हातात दिला की तुमचं काम अर्धं झालं.

गाव सांगताना मात्र शेपटासकट सांगा. नुसतं चांदूर म्हणू नका, रेल्वे का बाजार ते सांगा, दोन्ही अमरावती जिल्ह्यातच आहेत अन् दोघांच्या मध्ये चांगलंच अंतर आहे. कारंजा म्हणलं की लाड का घाडगे, एक वाशीमला, एक वर्ध्याला. मंगरूळ म्हणलं की पीर, दस्तगीर का चव्हाळा. धामणगावाचंही तसंच, रेल्वेवालं वेगळं अन् तिकडं बुलढाण्यातलं बढेवालं वेगळं. मी एकदा एका काकाजींसोबत अर्धा तास कारंज्याच्या गोष्टी केल्या, ते गुरुमंदिरातल्या गर्दीचं सांगत होते अन् मी मान हलवत होतो, माझं सगळं चालू होतं घाडगेवाल्या कारंज्याबद्दल. गाव फारच लहान असलं, कोणाला माहीतच नसलं, तर बाजाराचं गाव सांगायचं. "आमचा बाजार दिग्रसचा" म्हणलं की माणसाला बरोबर नकाशा भेटते.

आता राम राम. राम राम कुठंही चालते, पण समोरच्यानं आधी काही म्हणलं तर त्याचंच त्याला परत द्यायचं, हा नियम मी कधीच मोडत नाही. जय भीमला जय भीम, जय गजाननला जय गजानन, सलामला सलाम. इथं लय लोक गचकतात. समोरचा मोकळ्या मनानं जय भीम म्हणते अन् हे "नमस्कार नमस्कार" करून बाजूला होतात, अन् त्या एका नमस्कारानं किती अंतर पडलं ते यायला कळतही नाही. अन् जय भीम काही बाहेरून आलेला नाही, आपल्या नागपुराजवळच्या कामठीच्या, आंबेडकरी चळवळीतल्या बाबू हरदासांनी तो रुजवला असं सांगतात, अन् ते वारले १९३९ ला, म्हणजे पाहा किती जुना आहे.

कोणी जय गुरुदेव म्हणलं की समजायचं तुकडोजी महाराजांचं, मोझरीच्या गुरुकुंजाचं माननारं घर आहे. अशा गावात सांजच्या वेळी काम घेऊन जाऊ नका, सामुदायिक प्रार्थना असते. गेलेच तर चुपचाप मागं सतरंजीवर बसा, प्रार्थना संपली की लोक आपणच विचारतात कोण, कुठले.

अन् एक फरक जीव तोडून सांगतो कारण मी त्यात तोंडावर पडलो. पांढरकवडा, झरीकडं गोंड माणसं जय सेवा म्हणतात. इकडं दिग्रस, मानोरा, पोहरादेवीकडं तांड्यावर जय सेवालाल म्हणतात, ते बंजारा समाजाचे संत. मी आयुष्य इकडं काढलेलं, तिकडं पहिल्यांदा गेलो, एका म्हाताऱ्या बाबानं हात जोडून जय सेवा म्हणलं अन् मला वाटलं त्याच्या तोंडात दात नाहीत म्हणून शेवटचं राहून गेलं, मी आपलं मोठ्यानं पुरं करून दिलं. तो बाबा माझ्याकडं पाहूनच राहिला. मग हसला, बरं झालं. त्याच्या नातवानं मला नंतर समजावून सांगितलं, पण चेहरा गरम झाला तो गाडी सुरू करेपर्यंत उतरला नाही.

राम राम झाला, गाव झालं, आता पुढं काय, हा लाजऱ्या माणसाचा खरा प्रश्न. पुढं पीक. पण त्यातही एक खुबी आहे, कशी विचारायची, किती नाही विचारायचं. "पऱ्हाटी कशी आहे यंदा?" असं विचारा, माणूस खुलते. "पऱ्हाटी किती लावली?" विचारलं की तो सावध होते, कारण किती एकर म्हणजे बँकेचं पासबुक दाखवा म्हणल्यासारखं आहे. किती पिकलं, किती कर्ज, किती पोरं, हे सगळे कितीवाले प्रश्न पहिल्या भेटीत गिळून टाकायचे. ते तुम्हाला विचारतीन बरं, "पगार किती भेटते?" असं सरळ विचारतीन, अन् त्यायला तो हक्क आहे कारण ते त्यायच्या ओसरीत बसलेले आहेत. मी "भागते जी" म्हणतो. कोणाला यात राग नाही आला आजपर्यंत.

पीक पण ज्या भागाचं त्या भागाचं विचारावं. वरूड, मोर्शीकडं गेले तर संत्रा, आंबिया बहार घेतला का मृग, एवढा एक प्रश्न टाकला की पुढचा अर्धा घंटा तुम्हाला फक्त हूं हूं करायचं काम. भंडारा, गोंदियाकडं धान, तिकडं आपल्यासारखं पेरणी झाली का विचारू नका, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला का विचारा, त्या एका शब्दानं तो माणूस खुर्ची पुढं ओढते. आमच्याकडं दिवाळीच्या आधी गेलात तर सोयाबीन सोंगून झालं का, भिजलं तर नाही ना. अन् खरं माहीत नसलं तर नाही म्हणून सांगा. "मला धानातलं काही कळत नाही काका, तुम्हीच सांगा" हे वाक्य मी भंडाऱ्याकडच्या एका लग्नात वापरलं, पंगत उठेपर्यंत मला एकही शब्द सुचवावा लागला नाही, उलट लोकच येऊन येऊन सांगत होते.

पाणी आलं की घ्यायचं. तहान नसली तरी दोन घोट. "नाही नाही, आत्ताच पिलो" हे तुम्ही संकोचानं म्हणता, पण ज्याच्या घरचं पाणी पिढ्यान्पिढ्या लोकायनं नाकारलं त्याला ते संकोचासारखं ऐकू येत नाही. चहाचंही तसंच. दिवसाला अकरा चहा होतात माझे, पित्त आहे मला, म्हणून मी सरळ म्हणतो की माय, अर्धाच कप मांडा, पण घेतो. हाक मारताना साहेब, मॅडम नको. बरोबरीच्या माणसाला भाऊ, वयानं मोठे काका, नागपूर वर्ध्याकडं काकाजी, म्हातारीला आजी नाहीतर माय. गोंधळले तर वाक्याच्या शेवटी नुसतं 'जी' लावा, बसा ना जी, सांगा ना जी, निभून जाते.

आता आडनाव. यावर गोड गोड लिहिता येत नाही. गाव विचारून झालं की काही जण विचारतात, पूर्ण नाव काय? अन् आडनाव सांगितलं की क्षणभर थांबून, "म्हंजे कोन्ते?" काय विचारून राहिले ते सगळ्यायला माहीत असते. माझ्यासोबत काम करणारा एक जण आहे, नाव लिहीत नाही. एका घरी आम्ही चौघं बसलो, यानं आडनाव सांगितलं, थोड्या वेळानं चहा आला. तिघायला स्टीलच्या कपात अन् याला कागदाच्या. तो काही बोलला नाही, चहा पिला, पाईपलाईनचं माप घेतलं, काम पुरं करून दिलं. आम्ही तिघंही काही बोललो नाही ते मला जास्त लागून आहे. तेव्हापासून तो कुठंही गेला की गाडीवरून उतरता उतरताच खणखणीत जय भीम घालते, म्हणे जे व्हायचं ते दारातच होऊन जाऊ दे. मी एवढंच करतो की मी कोणाला आडनाव विचारत नाही, फॉर्म भरायची वेळ आली की आधार कार्ड मागून त्यावरून उतरवतो. अन् मला कोणी "म्हंजे कोन्ते?" विचारलं की म्हणतो, ठिबकवाले. बरेच जण हसून सोडून देतात.

हॉलमध्ये गोल करून "आपापला परिचय द्या" म्हणतात तो प्रकार वेगळा, अन् माझ्या मते सगळ्यात वाईट. आपली पाळी यायला सात जण बाकी, सहा, पाच, कानात नुसते ठोके, अन् आधीचे काय बोलले ते एक अक्षर ऐकू येत नाही. यावर माझा उपाय साधा आहे, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खुर्चीवर बसायचं. लवकर सुटका. शेवटी बसले तर मेले. अन् तीन गोष्टींच्या वर बोलायचं नाही, नाव, गाव, कशासाठी आलो. एका ट्रेनिंगला त्या सरांनी छंदही सांगा म्हणलं. सगळे कास्तकार बसलेले, छंद कोणाला माहीत! पहिले चौघं चुप राहिले, पाचव्यानं घाबरून "वाचन" म्हणलं अन् त्याच्यानंतर अख्ख्या हॉलचा छंद वाचन झाला, माझाही.

बायायचं तर अजून वेगळं. माझी बायको वरूडकडची, लग्न होऊन आली तेव्हा हापशीवर तिला रोज एकच प्रश्न, "कोनाची वं तू?" अन् उत्तर अमक्याची सून, तिचं स्वतःचं नाव सहा महिने कोणी विचारलंच नाही. आता ती बचत गटात आहे, तिथं बैठकीत परिचय सुरू झाला की प्रत्येकीनं पूर्ण नाव सांगायचं असते. पूर्ण नावात मधात नवऱ्याचं नाव येते ना, अन् जुन्या बाया ते घेत नाहीत. तर एक आजी उठते, आपलं नाव सांगते, थांबते, शेजारची पटकन मधलं नाव टाकते, मग आजी आडनाव सांगून खाली बसते. तिघीचौघींनी मिळून एकीचा परिचय. बायको म्हणते तिची भीती तिथंच मेली, कारण अडकलं तर बाजूची पुरं करून देते हे तिनं पाहिलं. म्हणून नवीन सुनेनं पहिल्या बैठकीला ओळखीच्या एकीच्या बाजूला बसावं असं तिचं सांगणं आहे, मी फक्त लिहून राहिलो.

अन् एक खतरनाक प्रश्न राहिला, "ओळखलं का मले?" हा प्रश्न मनगट धरून विचारतात, म्हणजे पळताही येत नाही. हो म्हणू नका. कधीच हो म्हणू नका. दिग्रसला एका लग्नात एका काकांनी असंच धरलं, मी लाजेनं हो हो म्हणून बसलो, तर पंधरा मिनिटं ते माझ्या बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी करत होते. माझे बाबा ठणठणीत, रोज वावरात जातात. म्हणजे मीच त्यायला दुसरा कोणीतरी वाटलो होतो अन् आता सांगायची सोय राहिली नव्हती, शेवटी मी म्हणलं की आता जिना चढतात. "चेहरा पाहिलेला आहे काका, गाव तेवढं सांगा," एवढं म्हणायचं, कोणालाच राग येत नाही, गाव निघालं की बाकीचं पाठोपाठ निघते.

फोनवर तर आपण लोक नावच सांगत नाही. "कोन बोलते?" "मी बोलतो." बस. माझ्या मोबाईलमध्ये निम्मे नंबर नावाचे नाहीतच, संत्रा मोर्शी, दोन बोअरवेल काका, कुत्रं चावते ते घर, असे सेव्ह आहेत, अन् मला त्यातला प्रत्येक माणूस बरोबर आठवते.

मागच्या महिन्यात गाडी गॅरेजला होती म्हणून यवतमाळहून दारव्ह्याला लाल डब्ब्यानं निघालो. बाजूला एक म्हातारे, मांडीवर पिशवी. मी नाव-बिव काही न सांगता म्हणलं, काका, पिशवी वर ठेवू का? "नोको रे बाप्पा, अंडे हायत." गावरान अंडे, पोरीकडं चालले होते, नातू झाला होता. कंडक्टर आला, यायनं आधार कार्ड काढलं, २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे ना, तर म्हणे तेव्हापासून मी घरी बसतच नाही, म्हातारी चिडते. कोन्या गावचा तू, मी सांगितलं. मामाचं? तेही सांगितलं. मग चक्की, मग साडू, मग साडूची बहीण यायच्या गावात दिलेली, असं निघत निघत गेलं. मधात म्हणे दोन एकरात ठिबक टाकायचं मनात आहे, मी माझ्या मोबाईलवरून त्यायच्या मोबाईलला मिस कॉल दिला. बोरी आली, ते अंडे सांभाळत उतरले, अन् खिडकीखाली उभं राहून मोबाईल वर धरून विचारतात, "अरे, तुह्यं नाव काय लिहू?" बस सुटलीच होती. मी ओरडलो, ठिबक लिहा! मीबी त्यायचं नाव विचारलं नव्हतंच, अंडे काका बोरी असं टाकून दिलं.

परवा सकाळी फोन आला.

"ठिबक बोलते का?"

म्हणलं हो काका, बोलून राहिलो.